एएनएमचं पहिलं वर्ष, घरात दोन लहान मुलं: कसं जमवता?

कात्रजघाट

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस इथे नुसतं वाचतेय, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. मी पुण्यात एएनएमच्या (सहायक परिचारिका आणि प्रसविका या नर्सिंगच्या कोर्सच्या) पहिल्या वर्षाला आहे. वय ३४. प्रवेशाची वयोमर्यादा ३५, त्यामुळे आत्ता नाही तर कधीच नाही अशी वेळ होती. बारावी आर्ट्स झाल्या झाल्या लग्न, मग मुलगी, मग मुलगा. मुलगी चौथीत, मुलगा मोठ्या गटात. नवरा चाकणला कंपनीत, शिफ्ट ड्यूटी. सासूबाई आमच्याजवळच असतात, पण गुडघ्यांमुळे त्यांना जिना उतरवत नाही, म्हणजे शाळेच्या व्हॅनपर्यंत मुलांना सोडणंही त्यांना जमत नाही.

सकाळी पोस्टिंग, म्हणजे दवाखान्यात प्रत्यक्ष काम, दुपारी वर्ग. साडेपाचला उठून डबे, सातची पीएमटी, घरी यायला सहा. मग स्वयंपाक, मुलीचा गृहपाठ, आणि माझा अभ्यास रात्री दहानंतर. पहिल्या वर्षाला सामुदायिक आरोग्य, आहार, शरीररचना, प्रथमोपचार, बालआरोग्य असं सगळं आहे. मिडवाइफरीचा, म्हणजे बाळंतपणाचा, मुख्य विषय दुसऱ्या वर्षाला. पण आम्हाला एएनसी ओपीडी (गरोदर बायकांची तपासणी) आणि पीएनसी वॉर्ड (बाळंतिणींचा) आत्तापासून दाखवतात, आणि एकदा लेबर रूममध्ये बाजूला उभं राहून बाळंतपण बघायलाही मिळालं.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक म्हणजे घर. ज्यांनी मुलं लहान असताना हे केलं, त्यांनी रोजचा दिवस नक्की कसा बसवला? "होतं सगळं" असं नको, खरंच काय केलं ते सांगा.

दुसरी जरा वेगळी आहे. वर्गात सगळ्या अठरा-एकोणीसच्या मुली. त्या म्हणतात, "ताई, तुम्हाला काय, दोन बाळंतपणं झालीत, तुम्हाला सगळं माहीतच आहे." मॅडमसुद्धा कधीकधी असंच म्हणतात. पण लेबर रूममध्ये त्या पहिलटकरणीला कळा येत होत्या तेव्हा मला माझंच सगळं आठवायला लागलं. माझ्या पोटात गोळा आला. तिच्याकडे लक्ष देण्याऐवजी मी माझ्या धाकट्याच्या वेळच्या रात्रीत जाऊन पोचले. हे असं होतं का सगळ्यांना? जातं का हे?

निवृत्त_सिस्टर

बाळ, आधी तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं सांगते, कारण तोच मोठा आहे.

होतं, आणि जातं. पण आपोआप जात नाही, सवय लावून घ्यावी लागते. मी पुण्यातल्या सरकारी लेबर रूममध्ये नोकरीची बहुतेक वर्षं काढली. आई झालेल्या मुली शिकायला आल्या की त्यांना मी पहिल्या दिवशी एकच सांगायचे: "मला पण अस्संच झालं होतं" हे वाक्य या खोलीत बोलायचं नाही. बाहेर कितीही बोला. कळा घेणाऱ्या बाईला तुमच्या बाळंतपणाचं काही देणंघेणं नसतं. तुझ्या कळा ओटीपोटात आल्या असतील, तिच्या सगळ्या कमरेत असतील. कमरेत असतील तर बाळाची पाठ आईच्या पाठीकडे आहे का हे मनात यायला हवं, आणि तू जर तुझ्याच आठवणीत असशील तर ते मनात येणार नाही.

मग करायचं काय? हाताला काम द्यायचं. तिच्या पोटावर हात ठेवून कळ मोज. दहा मिनिटांत किती आल्या, प्रत्येक किती सेकंद टिकली. बाळाचे ठोके मोज, मिनिटाला ११० ते १६०च्या मधे आहेत ना बघ. तिला विचार, कुठे दुखतंय, पाणी हवंय का, लघवीला जाऊन आलीस का. मोजणारा आणि विचारणारा माणूस स्वतःत अडकत नाही. तू विद्यार्थिनी आहेस, तुला अजून निर्णय घ्यायचे नाहीत, पण मोजून सिस्टरला सांगणं हे आत्तापासून तुझं काम होऊ शकतं.

आई असणं ही या कामाची पात्रता नव्हे. आमच्याकडच्या सर्वांत हुशार हाताच्या एका सिस्टर अविवाहित होत्या. आई असल्याचा उपयोग होतो तो वेगळ्या जागी. पीएनसी वॉर्डात तिसऱ्या दिवशी छाती दगडासारखी झालेली बाई रडत असते, तिच्याजवळ खाली बसून बाळ कसं धरायचं हे तू अठरा वर्षांच्या मुलीपेक्षा सहज दाखवशील. तिथे दाखव.

घराचं नंतर लिहिते, आत्ता नात उठली.

चिऊ_सातारारोड

मी विद्यार्थिनी नाही, नर्स नाही. माझी आई एएनएम. ती शिकायला गेली तेव्हा मी दुसरीत होते आणि भाऊ बालवाडीत. म्हणून मुलांच्या बाजूने लिहिते, कारण अशा चर्चांत मुलांना कोणी विचारत नाही.

आई घरी नसण्याचा त्रास मला फारसा आठवत नाही. आजी होती, शेजारच्या काकू होत्या. त्रास व्हायचा तो आई कधी येणार हे माहीत नसण्याचा. "येते गं लवकर" म्हणायची आणि अंधार पडायचा. मी गॅलरीत उभी राहून प्रत्येक बसकडे बघायचे. मग कधीतरी आईने कॅलेंडरवर रंगीत पेन्सिलीने करायला सुरुवात केली. पिवळा म्हणजे आई संध्याकाळी घरी, निळा म्हणजे रात्री नाही, सकाळी मी शाळेत जायच्या आधी भेटणार. निळ्या दिवशी मी रडायचे नाही, कारण ते आधीच ठरलेलं असायचं. एखाद्या पिवळ्या दिवशी उशीर झाला तर मात्र मी घर डोक्यावर घ्यायचे.

तुमची मुलगी चौथीत आहे, तिला सगळं कळतं. "लवकर येते" म्हणू नका, "सहा वाजता" म्हणा, आणि सहाला जमणार नसेल तर सात म्हणा.

स्नेहसंमेलनाला आई आली नाही ते लक्षात आहे, खोटं कशाला बोलू. पण आमच्या गल्लीत कोणाच्या घरी बाळ झालं की लोक आईला विचारायला यायचे, आणि मी दारातून ऐकायचे, तेही तितकंच लक्षात आहे.

कात्रजघाट

सिस्टर, चिऊताई, दोघींचं वाचून डोळे भरून आले. रंगीत पेन्सिलीचं आजच करते. मुलीलाच रंगवायला देते, म्हणजे तिलाही ते तिचं वाटेल.

सिस्टर, पाठ-पाठ हे आम्हाला अजून शिकवलेलं नाही, पण मी वहीत लिहून ठेवलं.

चाकणवाला

मी नवरेमंडळींच्या बाजूने लिहितो. बायको जीएनएम (एएनएमच्या पुढचा नर्सिंगचा कोर्स) झाली तेव्हा आमचं पोरगं साडेतीन वर्षांचं होतं. ताई, तुमच्या मिस्टरांना हे वाचायला द्या.

"मदत करतो" या शब्दात गोची आहे. मदत करणारा माणूस विचारतो, काय करू? आणि मग विचार करायचं काम पुन्हा बायकोवरच पडतं. आमच्याकडे सुरुवातीला तेच चाललं होतं. ती वॉर्डातून फोनवर सांगायची की डाळ कुठल्या डब्यात आहे. नंतर आम्ही दोन कामं पूर्ण माझ्याकडे घेतली: सकाळचं सगळं आणि शाळा. सकाळचं म्हणजे उठवण्यापासून डब्यापर्यंत, आणि डब्यात काय हे मी ठरवणार. शाळेचा व्हॉट्सअॅप ग्रुप माझ्या फोनवर, बाईंच्या वहीत सही माझी, लसीची तारीख मला लक्षात. रोज पोळीभाजी नसायची. कधी पराठा, कधी उकडलेलं अंडं आणि केळं. पोरगं वाढलं व्यवस्थित.

माझी पण शिफ्ट होती. महिन्याचं माझं रोटेशन आणि तिचं पोस्टिंग हातात आलं की दोन्ही शेजारी ठेवून बसायचो. दोघंही बाहेर असलेले दिवस तिथल्या तिथे दिसायचे, त्या दिवसांसाठी आधीच माझी बहीण नाहीतर शेजारी. सुपरवायझरला लवकर सांगितलं तर शिफ्ट बदलून मिळते, आदल्या रात्री सांगितलं तर नाही मिळत.

आणखी एक. नाइट करून आलेली बाई घरात दिसते, म्हणून सगळ्यांना वाटतं ती घरी आहे. ती घरी नाही, ती झोपलेली आहे. आमच्याकडे दाराला ओढणी बांधलेली असली की आत कोणी जायचं नाही, बेल वाजवायची नाही, कुरिअर शेजारी द्यायचं.

स्वारगेट_संध्याकाळ

मी थोडं उलट बोलणार आहे, राग मानू नका.

माझं बाळ सात महिन्यांचं असताना मी जीएनएमला प्रवेश घेतला होता आणि काही महिन्यांत थांबले. अंगावरचं दूध, पोस्टिंगला आठ तास उभं राहणं, आणि वॉर्डात दूध काढायला स्वच्छ, आडोशाची जागा नाही. छातीत गाठी झाल्या, ताप आला. बाळाला वरचं लावायचं नव्हतं. मी थांबले, बाळ दोन वर्षांचं झाल्यावर पुन्हा प्रवेश घेतला आणि आता दुसऱ्या वर्षाला आहे. थांबले ते योग्यच केलं असं मला आजही वाटतं. "जिद्द असेल तर काहीही जमतं" असं लोक सांगतात तेव्हा त्या बाईला कुठल्या खोलीत, कुठल्या खुर्चीवर बसून दूध काढायचंय हे कोणी सांगत नाही. मातांच्या आरोग्याचं शिक्षण जिथे देतात तिथे शिकणाऱ्या आईला एक पडदा आणि एक खुर्ची नसावी, हे मला फार लागलं होतं.

कात्रजघाट, तुमची मुलं शाळेत जाणारी आहेत, तुमचं वेगळं. पण कोणी एक वर्षाच्या आतलं बाळ घेऊन हा धागा वाचत असेल, तर आधी कॉलेजला स्पष्ट विचारा: दूध काढायला जागा आहे का, आणि रजा पडली तर ती भरून कशी काढायची. नर्सिंगला हजेरी ८० टक्के लागतेच, आणि प्रॅक्टिकलचे तास शेवटी पूर्ण १०० टक्के भरावे लागतात. म्हणजे बुडालेलं पोस्टिंग माफ होत नाही, नंतर सुट्टीत करून द्यावं लागतं. मूल आजारी पडलं की दोन-चार दिवस जाणारच आहेत, ते कुठल्या सुट्टीत भरायचे हे आधी माहीत असलं की छातीत धस्स होत नाही.

निवृत्त_सिस्टर

स्वारगेट, तुझ्या प्रत्येक शब्दाशी सहमत. आमच्या काळी तर विचारायचीही सोय नव्हती.

आता घराचं. चाकणवाल्यांनी निम्मं लिहिलंच आहे. माझ्याकडून एवढंच:

लस. पोस्टिंग सुरू झालं असेल आणि हिपॅटायटिस बीचे डोस घेतले नसतील तर उद्याच विचार. तीन डोस असतात, पहिला, एक महिन्याने दुसरा, आणि पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. सुई टोचली तर लपवायचं नाही, घाबरायचं नाही, वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवायचं, पिळायचं नाही, आणि लगेच सिस्टरला सांगायचं. घरी लहान मुलं आहेत म्हणून हे जास्तच जरुरीचं. युनिफॉर्म घरच्या कपड्यांत मिसळायचा नाही, वेगळा भिजवायचा.

अभ्यास रात्री दहानंतर करू नकोस. दहानंतर तू वाचतेस, शिकत नाहीस. पहाटेचा एक तास घे, किंवा बसमध्ये. बसमध्ये पुस्तक नाही वाचता येत, पण तोंडी पाठांतर होतं. गर्भाशयाची उंची, लसीकरणाचं वेळापत्रक, ही सगळी पाठांतरं बसमधलीच. मुलीला प्रश्न विचारायला सांग. चौथीतली पोर "बाळाला जन्मल्यावर कुठल्या लसी?" असं विचारेल आणि तू "बीसीजी, पोलिओचा शून्य डोस, हिपॅटायटिस बी" असं म्हणशील. तिचा वेळ तिला मिळाला, तुझा अभ्यास झाला.

कात्रजघाट

हिपॅटायटिसचा पहिला डोस झालाय, दुसऱ्याची तारीख मिस्टरांच्या फोनमध्ये टाकली (चाकणवाले भाऊ, तुमची पोस्ट त्यांनी दोनदा वाचली. सोमवारपासून शाळेची व्हॅन आणि डबे त्यांच्याकडे. व्हॅनवाल्या काकांचा नंबर त्यांच्याकडे नव्हताच, तो पहिल्यांदा दिला.)

एक घरगुती गोष्ट विचारू का? पोस्टिंगला हातात बांगड्या, अंगठी, घड्याळ काही चालत नाही, कोपरापर्यंत हात मोकळे हवेत. मंगळसूत्र आत पिन करायचं. सासूबाईंना बांगड्यांचं फार लागलं. त्या बोलल्या नाहीत, पण मी सकाळी काढून देव्हाऱ्याजवळ ठेवते तेव्हा त्या तिथून उठून जातात. मला त्यांना दुखवायचं नाही. कोणी कसं समजावलं?

मुळशी_आशा

ताई, मी आशा, म्हणजे गावातली आरोग्य कार्यकर्ती आहे, मुळशीतल्या एका गावात. मला हे रोज करावं लागतं, सासवांना समजावणं.

मी कधी सासूला शिकवायला जात नाही. तिलाच विचारते. आमच्याकडे एका घरी आजी बाळाला चीक देऊ देत नव्हत्या, काढून टाकायच्या म्हणत होत्या, गुटी तयार ठेवलेली. मी म्हटलं, आजी, गाय व्यायली की वासराला पहिलं दूध तुम्ही देता की फेकता? त्या म्हणाल्या, वासराला दिलं नाही तर जगेल का? मग मी काहीच बोलले नाही. थोड्या वेळाने त्यांनीच सुनेला म्हटलं, घे गं पोरीला. जन्मल्यापासून तासाभरात पाजलं त्या बाळाला, आणि सहा महिने वरचं पाणीसुद्धा नाही.

तुमच्या सासूबाईंना विचारा, तुमच्या वेळी सुईण आली की आधी काय करायची? माझी आजी भोरकडची, ती सांगायची की त्यांच्याकडची सुईण दारातच बांगड्या मागे सारून राखेने कोपरापर्यंत हात घासायची, मगच आत यायची. तुमच्या सासूबाईंनाही असं काही आठवेल.

आता माझं. मला पण एएनएम करायचंय. बारावी आर्ट्स आहे, वय ३१, मुलगा सहावीत. माझ्यासारखीला घेतात का? आणि पुण्यात राहून करायचं तर मुलाचं काय करायचं हेच कळत नाही.

सदाशिव_पेठ_४

धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो, माझा विषय इतिहास आहे.

संसार असलेल्या किंवा संसार मोडलेल्या बायकांनी पुण्यात या कामाला लागणं हे फार जुनं आहे. रमाबाई रानडे यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन काढलं आणि तिथल्या बायकांना ससूनमध्ये परिचारिकेचं शिक्षण घ्यायला पाठवलं. त्या काळी घरंदाज बाईने परक्यांची सेवाशुश्रूषा करायची म्हणजे केवढा गहजब. विधवा, सोडलेल्या, मुलं पदरात असलेल्या बायकांना त्यातून पायावर उभं राहता आलं. त्याच्याही आधी, १८६३ मध्ये, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, जिथे फसवल्या गेलेल्या विधवा गुप्तपणे येऊन सुरक्षित बाळंत होऊ शकत. तिथेच जन्मलेल्या यशवंताला त्यांनी दत्तक घेतलं, आणि पुढे तो डॉक्टर झाला. सावित्रीबाई १८९७च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करताना गेल्या.

मुळशीच्या आशाताई, कात्रजघाटताई, तुम्ही दोघी त्याच गावात त्याच कामाला लागला आहात म्हणून हे सांगावंसं वाटलं.

डॉ_प्रसूती

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, पिंपरी-चिंचवडमध्ये काम करते. घराबद्दल इतरांनी माझ्यापेक्षा चांगलं लिहिलंय, मी कामाबद्दल लिहिते, कारण पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनीला आपण नक्की कशासाठी एवढी ओढाताण करतोय हे दिसायला हवं.

महाराष्ट्रात मातामृत्यूचं प्रमाण २०१८-२० च्या आकडेवारीत एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ होतं. त्याच काळात देशाचं ९७. हे खाली आलं त्यात मोठा वाटा दवाखान्यात होणाऱ्या बाळंतपणांचा आणि गावोगावच्या एएनएम आणि आशांचा आहे. बाई बाळंतपणात जाते ती बहुतेकदा रक्तस्रावाने, झटक्यांनी म्हणजे वाढलेल्या रक्तदाबाने, किंवा जंतुसंसर्गाने. यातलं प्रत्येक कारण आधी एएनएमच्या हाताखालून जातं. हिमोग्लोबिन ११च्या खाली आहे हे तुम्ही मोजता. रक्तदाब १४०/९० झाला हे तुम्हाला आधी कळतं. बाळ बाहेर आल्यावर एका मिनिटाच्या आत ऑक्सिटोसिनची १० युनिटं मांडीत द्यायची असतात, वार पूर्ण आली का हे उजेडात उलटून पालटून बघायचं असतं. यात डॉक्टर बऱ्याचदा खोलीत नसतो. मी कितीतरी वेळा धावत पोचले तेव्हा सिस्टरने सगळं करून ठेवलेलं होतं, आणि बाई वाचलेली होती.

म्हणून पहिल्या वर्षाचं शरीररचना आणि आहार "मिडवाइफरी नाही" म्हणून वरवर करू नका. रक्तक्षय कळला नाही तर पुढचं काही कळणार नाही.

कात्रजघाट, एक सूचना. मुलं असलेल्या विद्यार्थिनी ओपीडीत आईशी फार पटकन बोलायला लागतात, सल्ला देतात. चांगलं आहे, पण सुरुवातीला अर्धा मिनिट फक्त ऐका. माझ्या ओपीडीत एक बाई "डोकं दुखतं" म्हणाली, विद्यार्थिनी म्हणाली, "मला पण व्हायचं, झोप घ्या." शेजारच्या सिस्टरने थांबवलं आणि विचारलं, "डोळ्यांपुढे चमकतं का?" चमकत होतं. रक्तदाब १६०च्या वर निघाला. त्या बाईला आम्ही तिथूनच दाखल केलं.

कात्रजघाट

डॉक्टर, हे वाचून अंगावर काटा आला. "डोळ्यांपुढे चमकतं का" हे मी आज मोठ्या अक्षरात वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं.

आशाताई, तुमचा उपाय केला. रात्री सासूबाईंचे गुडघे चोळताना विचारलं की यांच्या वेळी सुईण काय करायची. त्या खूप बोलल्या. हे घरीच झाले, पावसात, आणि सुईणीने पातेलंभर पाणी उकळायला लावलं होतं, नखं कापली होती, आणि हातातला काचेचा चुडा काढून ताकाच्या डेऱ्यावर ठेवला होता. हे सांगता सांगता त्या थांबल्या. मग म्हणाल्या, "तुझ्या बांगड्या देवापाशी नको ठेवूस, माझ्याकडे दे, मी सांभाळते." आता सकाळी मी त्यांच्या हातात देते आणि संध्याकाळी त्या परत देतात.

वॉर्डातलं पण सांगायचंय. काल एएनसी ओपीडीत सिस्टरनी पहिल्यांदा मला पोट तपासायला हात लावू दिला. आधी बाईला लघवीला पाठवलं, मग पाय थोडे दुमडून झोपवलं. मी हात चोळून गरम केले. निवृत्त सिस्टर, तुम्ही सांगितल्याप्रमाणे मी काहीच बोलले नाही, फक्त तिच्या चेहऱ्याकडे बघत हात ठेवला. गर्भाशय बेंबीच्या पातळीला लागलं, म्हणजे २४ आठवडे, आणि कार्डावर पण तेवढेच होते. ठोके सापडायला वेळ लागला. बाळाची पाठ डावीकडे होती आणि मी उजवीकडे ऐकत होते. सिस्टरनी फीटोस्कोप (ठोके ऐकायची नळी) माझ्या हातातून न घेता फक्त बोटाने जागा दाखवली. सापडले तेव्हा मी मोठ्याने मोजायला लागले आणि ती बाई हसली. माझं स्वतःचं काही आठवलं नाही तेव्हा. एकदाही नाही.

निवृत्त_सिस्टर

शाबास. पाठ आधी हाताने शोधायची, मग कान लावायचा. ठोके पाठीच्या बाजूला ऐकू येतात. २४ला बेंबी, ३६ला बरगड्यांच्या मधल्या टोकापर्यंत, आणि ४०ला परत खाली ३२च्या जागी, कारण डोकं खाली सरकतं. हे लक्षात ठेव, परीक्षेत हमखास विचारतात आणि ४०ची उंची कमी बघून नव्या मुली घाबरतात.

मुळशी, तुझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. बारावी कुठल्याही शाखेची चालते, आर्ट्स असली तरी. वय १७ ते ३५, म्हणजे तू बसतेस, पण वाट बघू नकोस. कोर्स दोन वर्षांचा. प्रवेशाआधी एवढं बघ की कॉलेजला भारतीय परिचर्या परिषदेची आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता आहे का. मान्यता नसलेल्या ठिकाणी पैसे भरून दोन वर्षं गेली आणि नोंदणीच होत नाही, अशा मुली मी पाहिल्यात. फी भरायच्या आधी कागद बघायचे. आशा म्हणून काम केल्याचं पत्र तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून घेऊन ठेव.

आणि एएनएम झालीस की तिथेच थांबायचं कारण नाही. एएनएमला पुढे जीएनएम करायला वयाची अट आड येत नाही. जीएनएमनंतर पोस्ट बेसिक बी.एस्सी. आता नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी म्हणून १८ महिन्यांचा वेगळा कोर्स आलाय, केंद्राने २०१८ मध्ये त्याची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्याला जीएनएम किंवा बी.एस्सी. आणि बाळंतपणं केल्याचा अनुभव लागतो. तुझा मुलगा कॉलेजात जाईपर्यंत तू तिथे असू शकतेस.

मुळशी_आशा

सिस्टर, खूप उपकार झाले. मान्यतेचं मला माहीतच नव्हतं, एका ठिकाणी आगाऊ पैसे भरा म्हणून फोन येत होते. आता आधी कागद मागते.

मुलाचं मात्र अजून सुचत नाही. तो सहावीत, नवरा शेतावर, गावातून रोज पुण्याला येऊन-जाऊन करायचं तर चार तास प्रवासातच जातात.

स्वारगेट_संध्याकाळ

आशाताई, हॉस्टेलचं विचारा. बऱ्याच ठिकाणी एएनएमला हॉस्टेल असतंच. आमच्या वर्गात एक दौंडची आहे, तिचा मुलगा गावी आजीकडे, ती शनिवारी दुपारी जाते आणि रविवारी रात्री परत येते. पहिले काही महिने त्याने फोनवर बोलायचंच बंद केलं होतं. मग तिने ठरवलं की रोज रात्री साडेआठला फोन, त्यात अभ्यास विचारायचा नाही, फक्त दिवसभरात काय काय झालं ते. तो आता स्वतः फोन करतो.

आणि तालुक्याच्या जवळचं कॉलेजही बघा, पुणे शहरातलंच हवं असं नाही. पोस्टिंग ग्रामीण रुग्णालयात आणि उपकेंद्रावर असतंच, तुम्हाला तर उपकेंद्राची सगळी माहिती आधीच आहे.

चिऊ_सातारारोड

आशाताई, मुलगा सहावीत म्हणजे अकरा-बारा वर्षांचा. त्याला बसवून विचारा. तुम्ही दोघं मिळून ठरवा की कुठलं कॉलेज, कधी यायचं, फोन कधी. आईने सगळं ठरवून मला सांगितलं असतं तर मी भांडले असते. पेन्सिली मी निवडल्या होत्या म्हणून माझं भांडण कमी झालं.

कात्रजघाट

आशाताई, या भागात कॉलेज बघायला येणार असाल तर मला संदेश पाठवा. माझ्या कॉलेजची मान्यतेची कागदपत्रं कार्यालयाबाहेर फलकावर लावलेली आहेत, कशी दिसतात ते दाखवते, म्हणजे दुसरीकडे काय मागायचं ते तुम्हाला कळेल. शनिवारी आमचं अर्ध्या दिवसाचं असतं. मुलाला पण घेऊन या, माझी मुलगी चौथीत आहे, दोघं खेळतील.

स्वारगेट, दूध काढायला जागेचं मी आमच्या मॅडमना विचारलं. आमच्या वर्गात कोणाला आत्ता गरज नाही, पण पुढच्या बॅचला लागू शकते. त्या म्हणाल्या, लेखी अर्ज दे, वर्गातल्या सगळ्यांच्या सह्या घे. मजकूर मी लिहायला घेतलाय. तुम्ही एकदा वाचून द्याल का? खुर्ची, पडदा, हात धुवायची सोय आणि दूध ठेवायला फ्रिज, एवढं टाकलंय. आणखी काय हवं?

स्वारगेट_संध्याकाळ

आतून कडी. आणि वीस मिनिटांची सुट्टी दर तीन-चार तासांनी, हजेरी न कापता. ते लेखी हवंच, नाहीतर खोली असून उपयोग नाही. मजकूर पाठवा, आज रात्री वाचून देते.